वॉशिंग्टनचा शेवटचा दात

दिवाळीच्या सुट्टीत बाबांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. दोन दाढा कधीच्याच गेलेल्या, तिथे इम्प्लांट बसवायचं होतं. डॉक्टर म्हणाले, आधी तंबाखू बंद, साखर आटोक्यात, हिरड्या बऱ्या. नाहीतर स्क्रू हाडात धरेल याची खात्री नाही. शिवाय दाढा नसल्याने तिथलं हाडही झिजलेलं. आम्हा सिव्हिलवाल्यांच्या भाषेत, पायाच भुसभुशीत!

होस्टेलवर परतल्यावर याच विषयावर वाचत बसलो आणि गाठ पडली थेट जॉर्ज वॉशिंग्टनशी.

जन्म १७३२, व्हर्जिनियातला. पहिला दात काढला तेव्हा गडी जेमतेम चोवीस वर्षांचा. पुढे इंग्रजांशी युद्ध झालं, देश स्वतंत्र झाला, पण तोंड रिकामं होत गेलं. १७८९ साली अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेताना त्याचा स्वतःचा एकच दात शिल्लक होता.

त्याची कवळी लाकडी होती, ही निव्वळ थाप. जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याने ती पाणघोड्याच्या दाताची केली, तिच्यात माणसांचे दात बसवले आणि त्या एकुलत्या दातासाठी भोक ठेवलं. वरची नि खालची कवळी स्प्रिंगने जोडलेली. त्यामुळे तोंड मिटून ठेवायलाही जोर लावावा लागे. १७९६ मध्ये तो शेवटचा दातही गेला. एका खुंटीवर सगळा भार टाकलेलं डिझाइन आमच्या सरांनी पास केलं नसतं.

आणि माणसांचे दात यायचे कुठून? १७८४ च्या त्याच्या हिशेबात काळ्या गुलामांना नऊ दातांचे पैसे दिल्याची नोंद आहे. मालक दात मागतोय म्हटल्यावर नाही म्हणायची सोय कुणाला होती? स्वातंत्र्याच्या सेनापतीची ही बाजू वाचून मला जेवण गेलं नाही.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्कच्या ध्यानात आलं १९५२ च्या सुमारास, सशांवर प्रयोग करताना. माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसला १९६५ मध्ये. पण वॉशिंग्टनला तो मिळता तरी टिकला असता का? वर्षानुवर्षं दातांवाचून झिजलेला जबडा पाहून आमच्या डॉक्टरांनी त्यालाही आधी हाडाचा फोटो काढायला धाडलं असतं.

१७९९ च्या डिसेंबरमध्ये घशाच्या दुखण्याने तो गेला. डॉलरच्या नोटेवरचं त्याचं चित्र १७९६ च्या तसबिरीवरून घेतलंय. ओठ बघा, किती घट्ट मिटलेत.

बाबांची तंबाखू सुटून चाळीस दिवस झाले. रोज रात्री फोनवर विचारतो. कालच्या दिवशी उत्तर द्यायला जरा वेळ लागला.