अफनासी निकितिनचा घोडा

रेवदंड्याला शाळेच्या आवारात एक स्मारकस्तंभ आहे, तो अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचा. इ. स. १४७० च्या सुमारास हा गृहस्थ आमच्या चौल बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला आला तो १४९८ मध्ये; पण परीक्षेला येतो वास्कोच.

अफनासी व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा. माल घेऊन तो कास्पियन समुद्राकडे निघाला असता आस्त्राखानजवळ तातारांनी लुटले. सोबत्यांपैकी ज्यांचे घरी काही होते ते परतले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते ते वाट फुटेल तिकडे गेले. अफनासी दुसऱ्यांपैकी असावा, असे मला वाटते. बाकू, इराण करीत तो होर्मुझला पोहोचला आणि एक घोडा घेऊन गलबतात चढला. वाटेत मस्कत लागले. माझा मामा त्याच मस्कतला कामाला आहे, म्हणून हे नाव वाचताना मी थबकलो.

आज आमच्या किनाऱ्यावर पर्यटक हौसेने घोड्यावर बसतात, पाण्यातले खेळ खेळतात. अफनासीचा घोडा हौसेचा नव्हता. शंभर रुबलांचा तो घोडा म्हणजे त्याचे सारे भांडवल. चौलला लोक उघड्या अंगाने वावरताना पाहून तो चकित झाला. आणि हा गोरा माणूस कोण म्हणून लोक त्याच्या मागे फिरू लागले!

घाट चढून तो जुन्नरला गेला, तो ऐन पावसाळ्यात. रात्रंदिवस पाणी नि चिखल. इथे घोड्यांना खिचडी शिजवून घालतात, याचीही त्याने नोंद केली आहे. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा व वर हजार मोहरा देईन, असे सांगून चार दिवसांची मुदत दिली. परक्या मुलखात, भाषा परकी, खिसा रिकामा. तरीही तो बधला नाही. शेवटी खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. वर्षभर पोसून तो त्याने बीदरला विकला.

इकडे रशियात खपेल असा माल भरपूर मिळतो, असे त्याला सांगण्यात आले होते. इथे आल्यावर त्याला तसे काहीच सापडले नाही. मामालाही एजंटाने सांगितलेला पगार वेगळा नि हातात पडलेला वेगळा. पाचशे वर्षांत एवढे तरी बदलायला हवे होते.

धर्मग्रंथ लुटीत गेल्यामुळे त्याला आपले सणवारही अंदाजाने धरावे लागत. अखेर दाभोळहून तो जहाजात बसला. वादळी वाऱ्याने ते आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. तेथून पुन्हा मस्कत, होर्मुझ, मग काळा समुद्र. स्मोलेन्स्क गाठण्याआधीच वाटेत तो वारला. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी १४७५ मध्ये मॉस्कोला पोहोचवल्या.