परमपूज्य बाबासाहेबांचा अभ्यास

बोधिसत्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची विद्वत्ता साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण ती काही आकाशातून पडलेली नव्हती. ती जागून, उपाशी राहून कमावलेली होती. विहाराच्या या वर्धापनदिनी आम्हाला तेच सांगावेसे वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीमराव मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत वाढला. त्याच खोलीत चूल, जातं, भांडीकुंडी. वडील सुभेदार रामजी यांनी यावर तोड काढली. पोराला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे, रात्री दोनला त्याला उठवायचे आणि मग आपण आडवे व्हायचे. पेन्शन तुटपुंजी, पुस्तकासाठी पैसे नसले की लेकीचा दागिना गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवायचे.

१९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. पोटाला चिमटा काढून त्यांनी तिथे सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान वेगळ्या बोटीने निघाले होते. महायुद्धात ती बोट बुडाली. तरी त्यांनी हाय खाल्ली नाही. १९२० साली पुन्हा लंडन गाठले. ग्रंथालय उघडायला हजर, बंद होईतो बाहेर नाही. दुपारचे जेवण नाही, रात्री भूक लागली तर पापडावर भागवायचे. इकडे माता रमाई हालअपेष्टा सोसून संसार ओढत होत्या, हेही विसरता कामा नये. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीला परत केला, तेव्हा मुंबईत बसून तो पुन्हा लिहिला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली.

पुढे दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. आजार बळावला तरी लेखणी थांबली नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी उशापाशी मागून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली निघाला. त्यांच्या मागे राहिलेली हस्तलिखिते एवढी, की महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे खंडामागून खंड काढले.

बंधू-भगिनींनो, आपल्या सोनईत घरोघरी त्यांचा फोटो आहे, जयंतीला हार आहे. पण त्या फोटोखाली पोरं अभ्यासाला बसतात का? आपलीही घरं लहान, दिवसभर ऊसात नाहीतर रोजंदारीवर राबणं. म्हणून तर सुभेदारांची ती एक खोली आठवायची. जागा नसली तर वेळ काढता येतो. पोरगी वाचत असेल तर तिला चुलीपाशी हाक मारू नका, तासभर टीव्ही बंद ठेवा, पहाटे तिच्याबरोबर आपणही उठा. बाबासाहेब घडले त्यात जागणारा बापही होता. तेवढं तर आपल्या हातात आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!