गणिताचा पदवीधर, पैशाचा विद्यार्थी

दरवर्षी बारावीचे निकाल लागले की अर्थशास्त्राच्या शिक्षकाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. अर्थशास्त्र घेतले तर पुढे काय? पूर्वी बँकेची परीक्षा, स्पर्धा परीक्षा नाहीतर प्राध्यापकी अशी तीन ठरावीक उत्तरे असत. आता विचारणाराच उत्तर घेऊन येतो. अर्थशास्त्र घ्यायचे, पण जोडीला ‘फायनान्स’ हवे. पदवीच्या तीन-चार वर्षांत रोखे, समभाग, जोखीम आणि परतावा शिकून झाले की पैशाचे मर्म हाती आले, अशी त्यामागची समजूत असते. पदवीच्या वर्गांना वर्षानुवर्षे हा विषय शिकवल्यामुळे या समजुतीशी माझा जुना परिचय आहे. ती कानावर आली की मला जॉन मेनार्ड केन्स आठवतो. विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी अर्थशास्त्रज्ञांत त्याची गणना होते. त्याने पैशाच्या सिद्धांतावर ग्रंथ लिहिले, शेअर बाजारात स्वतःचे आणि कॉलेजचेही पैसे गुंतवले. पण त्याच्याकडे अर्थशास्त्राची पदवी नव्हती.

केन्सचा जन्म ५ जून १८८३ चा, केंब्रिजचा. वडील जॉन नेव्हिल केन्स हे तर्कशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक. अर्थशास्त्राच्या व्याप्तीवर आणि पद्धतीवर त्यांनी १८९१ साली लिहिलेला ग्रंथ नावाजलेला होता. आई फ्लॉरेन्स समाजकार्यात रमलेली. पुढे १९३२ साली ती केंब्रिजची महापौर झाली. म्हणजे ज्या विषयासाठी आपली मुले क्लासचे उंबरठे झिजवतात, तो या मुलाच्या घरात जेवणाच्या टेबलावर होता. तरीही ईटनची शाळा संपवून १९०२ साली किंग्ज कॉलेजात गेल्यावर त्याने घेतले ते गणित. १९०५ साली तो बारावा रँग्लर झाला. रँग्लर हा शब्द मराठी माणसाला परांजप्यांमुळे घरचा झाला आहे. १८९९ साली परांजपे पहिल्या क्रमांकाचे रँग्लर होते. त्या मानाने केन्सचे यश बेताचेच.

याच काळात केंब्रिजमध्ये एक मोठी गोष्ट घडली होती. तोवर तेथे अर्थशास्त्र हा स्वतंत्र पदवीचा विषय नव्हता. तत्त्वज्ञान आणि इतिहास यांच्या पोटात तो शिकवला जाई. प्रा. आल्फ्रेड मार्शल यांनी अनेक वर्षे खटपट करून १९०३ साली अर्थशास्त्राची वेगळी परीक्षा सुरू करून घेतली. आज आपली मुले जी पदवी घेतात, तिच्या पूर्वजांपैकी ही एक. केन्सने १९०५ च्या उन्हाळ्यात मार्शल यांचा ग्रंथ वाचला, नंतर एक सत्रभर त्यांच्याकडे धडे घेतले. मुलाची चमक मार्शल यांच्या लगेच लक्षात आली. त्याने ही नवी परीक्षा द्यावी असे त्यांना फार वाटत होते. केन्सने ती दिली नाही. विद्यापीठातले त्याचे अर्थशास्त्राचे रीतसर शिक्षण एवढेच.

१९०६ साली तो सनदी सेवेच्या परीक्षेत दुसरा आला. पहिल्या आलेल्या ऑटो नीमायरने अर्थखाते पसंत केले, आणि केन्स लंडनच्या इंडिया ऑफिसात रुजू झाला. तेथे त्याच्याकडे आलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे एअरशायर जातीचे दहा तरुण वळू जहाजाने मुंबईला रवाना करणे! पैशाच्या विद्येतला हा पुढचा महारथी आणि मुंबई यांचा पहिला संबंध असा गोठ्यातून आला. पुढे महसूल आणि व्यापाराच्या कागदांत त्याला रुपया भेटला, आणि त्याने त्याला सोडले नाही.

तेव्हाच्या रुपयाची कहाणी मोठी चमत्कारिक होती. १८९३ साली सरकारने टांकसाळी चांदीला बंद केल्या. त्याआधी कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यानंतर रुपया चांदीचाच राहिला, पण त्याची किंमत सोन्याशी बांधली गेली : एक रुपया म्हणजे एक शिलिंग चार पेन्स, पंधरा रुपयांना एक सॉव्हरिन. हा दर टिकवण्याची मुख्य यंत्रणा लंडनमध्ये होती. तेथे भारतमंत्री कौन्सिल बिले विकत, आणि ती घेणाऱ्याला भारतात रुपये मिळत. देशात सोन्याचे नाणे फिरण्याची गरज नाही, परदेशी देणे चुकवण्यापुरता सोन्याशी संबंध असला की पुरे, अशी ही व्यवस्था. १९०८ साली नोकरी सोडून केन्स केंब्रिजला परतला आणि अध्यापन करू लागला. १९१३ साली त्याचे पहिले पुस्तक निघाले ते याच विषयावर, भारताच्या चलनावर आणि वित्तव्यवहारावर. त्यात त्याने या व्यवस्थेची भलामण केली. त्याच वर्षी नेमलेल्या चेंबर्लेन आयोगावर तीस वर्षांच्या केन्सला सदस्य म्हणून घेतले गेले. भारतात मात्र तो तेव्हाही आला नव्हता आणि पुढे आयुष्यभर आला नाही.

त्या पुस्तकाला दहा वर्षांनी उत्तर मिळाले, आणि ते एका मराठी माणसाने दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवले. नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जाऊन त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. १९२३ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. ज्या व्यवस्थेला केन्सने शहाणपणाची ठरवले होते, तिच्यावर बाबासाहेबांनी थेट बोट ठेवले. परदेशी हुंडणावळीचा दर स्थिर राहिला म्हणजे झाले असे नाही. देशातल्या माणसाच्या हातातील रुपयात काय विकत मिळते, हे पाहिले पाहिजे. रुपये पाडण्याची सत्ता सरकारच्या मुठीत राहिली तर चलन फुगण्याला लगाम उरत नाही. किमती चढतात, मजुरी त्या वेगाने चढत नाही, आणि भार पडतो तो राबणाऱ्यावर. फायनान्स शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत असे मला वाटते. आकडेवारी एकाच रुपयाची आहे. पण एकाने तो लंडनच्या कचेरीतून पाहिला, दुसऱ्याने तो कमावणाऱ्याच्या बाजूने.

केन्सला पैशाने स्वतः शिकवले ते मात्र पुढे. पहिल्या महायुद्धात तो अर्थखात्यात होता. १९१९ साली व्हर्सायच्या तहातील अटींना कंटाळून त्याने राजीनामा दिला आणि तहाचे आर्थिक परिणाम सांगणारे पुस्तक लिहून जगभर नाव मिळवले. त्याच सुमारास तो चलनांच्या सट्ट्यात उतरला. युद्धाने खिळखिळे झालेले फ्रँक, लिरा आणि मार्क घसरणार, डॉलर वधारणार, हा त्याचा हिशोब. युरोपची आर्थिक स्थिती त्याच्याइतकी जवळून पाहिलेली माणसे थोडीच होती. पण १९२० च्या वसंतात बाजार थोड्या दिवसांसाठी उलटा फिरला. व्यवहार उसन्या पैशावरचा. त्यामुळे थांबायला उसंत मिळाली नाही. त्याचे स्वतःचे भांडवल गेले, शिवाय घरच्यांनी व मित्रांनी विश्वासाने दिलेला पैसाही बुडाला. तीन वर्षांनी मार्क कागदाच्या मोलाचा झाला, म्हणजे अंदाज बरोबर होता! परंतु अंदाज खरा ठरेपर्यंत टिकून राहण्याइतका पैसा जवळ नसेल तर त्या बरोबरपणाचे करायचे काय? सर अर्नेस्ट कॅसल या धनाढ्याने पाच हजार पौंडांचे कर्ज दिले म्हणून केन्स सावरला. त्याने पुन्हा बाजारात उतरून काही वर्षांत देणी फेडली.

१९२४ साली तो किंग्ज कॉलेजचा मुख्य बर्सर, म्हणजे खजिनदार, झाला. ते काम त्याने मरेपर्यंत केले. तोवर कॉलेजांचा पैसा जमिनीत आणि सुरक्षित रोख्यांत असे. केन्सने जमिनी विकून समभाग घेतले. सुरुवातीची त्याची पद्धत अर्थशास्त्रज्ञाला शोभेल अशीच होती. तेजी-मंदीच्या चक्राचा अंदाज बांधायचा, चढत्या काळात घ्यायचे, उतरण लागण्याआधी विकायचे. व्यापारचक्राचे ज्ञान त्याच्याइतके कोणाला असणार? पण १९२८ मध्ये कच्च्या मालाच्या सौद्यांनी दगा दिला आणि १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. १९२७ अखेर सुमारे ४४ हजार पौंडांची असलेली त्याची मालमत्ता १९२९ अखेर आठ हजारांच्या आसपास आली.

यानंतर त्याने जे केले ते मला त्याच्या ग्रंथांइतकेच मोलाचे वाटते. त्याने आपली पद्धत सोडली. बाजार कोठे जाणार याचा अदमास घेणे थांबवून तो कंपन्यांकडे पाहू लागला. काय बनवतात, चालवणारी माणसे कशी आहेत, मालाच्या मानाने भाव स्वस्त आहे का, हे पाहून मोजक्या कंपन्यांचे समभाग घ्यायचे आणि वर्षानुवर्षे सांभाळायचे. १९३६ अखेर त्याची मालमत्ता पाच लाख पौंडांवर गेली होती. १९३७-३८ मध्ये बाजार पुन्हा घसरला आणि त्याला पुन्हा मोठा फटका बसला. त्याच वेळी हृदयविकारानेही तो खाली बसला होता. पण पडत्या बाजारात हाती समभाग उरले म्हणून शरमून घाईने विकणे हे गुंतवणूकदाराचे काम नव्हे, या मतावर तो ठाम राहिला. त्याच्या खास देखरेखीखालचा कॉलेजचा एक निधी १९२० च्या सुमारास तीस हजार पौंडांचा होता. त्याच्या अखेरीस तो तीन लाख ऐंशी हजारांच्या घरात पोहोचला.

या शिक्षणाचा ठसा १९३६ च्या त्याच्या ‘जनरल थिअरी’वर उमटला आहे. त्यातले बारावे प्रकरण शेअर बाजाराविषयी आहे. त्याचा मथितार्थ असा : नाणे उडवण्यातली शक्यता गणिताने मांडता येते, पण गुंतवणुकीतून पुढे अनेक वर्षांनी काय हाती येईल हे मांडता येत नाही. तेथे माहितीच नसते. मग माणसे एकमेकांकडे पाहून वागतात, आणि इतरांना काय आवडेल याचा अंदाज करण्यातच बाजाराची हुशारी खर्ची पडते. हे लिहिणारा माणूस गणिताचा रँग्लर होता, त्याने १९२१ साली संभाव्यतेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. गणित येत नव्हते म्हणून तो गणिताच्या मर्यादा सांगत नव्हता.

जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला भारत पुन्हा त्याच्यासमोर आला. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. युद्धासाठी भारतातून घेतलेल्या माल-सेवांपोटी ब्रिटन आता भारताचे शेकडो कोटी रुपये देणे लागत होता. ही रक्कम साठली तेव्हा भारतात महागाई भडकली होती आणि बंगालने दुष्काळ भोगला होता. या येण्याचा विचार परिषदेत व्हावा असा भारताचा आग्रह होता; हा ब्रिटन आणि भारत यांच्यातला प्रश्न आहे, असे सांगून केन्सने तो परिषदेबाहेर ठेवला. त्याच्या देशाच्या दृष्टीने ते योग्य असेल. पण वहीतला आकडा आणि त्यामागची माणसे यांच्यातले अंतर, जे बाबासाहेबांनी १९२३ साली दाखवले होते, ते त्याने या बाबतीत कधी ओलांडले नाही. २१ एप्रिल १९४६ रोजी ससेक्समधील आपल्या घरी, बासष्टाव्या वर्षी, तो गेला.

ही सारी कहाणी मी विद्यार्थ्यांना सांगतो त्याला कारण आहे. ‘सेबी’ने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ पासूनच्या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या वायदे व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी शंभरात ९३ जणांनी पैसे गमावले. त्यांत तिशीच्या आतली मुले पुष्कळ आहेत. केन्सला सावरायला कॅसल होता. शेतकऱ्याच्या किंवा गिरणी कामगाराच्या नातवाला कोण आहे? त्याने गमावलेला पैसा बहुतेक वेळा आईच्या दागिन्यांचा किंवा वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडाचा असतो.

म्हणून फायनान्स घेऊ नका असे मी कोणाला सांगत नाही. जरूर घ्या. सूत्रे शिका, ताळेबंद वाचायला शिका, गणिताचा कंटाळा करू नका. पण एक वर्षभर बाजाराला पैसा देऊ नका. वहीत अंदाज लिहा, त्यासमोर तारीख घाला, आणि वर्षाअखेर ती वही स्वतःच तपासा. माझ्या वर्गात ही वही सक्तीची असे. गुण कमी-जास्त पडले तरी चालतील. त्या वहीत आपण किती वेळा चुकलो हे ज्याला स्वच्छ दिसले, त्याच्या हाती पुढे दुसऱ्याचा पैसा द्यायला मला भीती वाटत नाही.