थॉमस स्टीफन्स

थॉमस स्टीफन्स (जन्म: सुमारे इ.स. १५४९, बुश्टन, विल्टशायर, इंग्लंड, मृत्यू: इ.स. १६१९, गोवा) हे येशूसंघाचे (जेझुइट) धर्मोपदेशक, ‘क्रिस्तपुराण’ या ओवीबद्ध मराठी महाकाव्याचे कर्ते आणि कोकणी भाषेचे आद्य व्याकरणकार होते. भारतात वास्तव्य केलेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. वयाच्या तिशीत त्यांनी युरोपचा किनारा सोडला आणि पुढील चाळीस वर्षे गोव्यात काढली. मायदेशी ते पुन्हा परतले नाहीत. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या मराठी वाचकांच्या परिचयाच्या आहेत. घरच्या माणसांना त्यांनी लिहिलेली पत्रे मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिली. वास्तविक ग्रंथामागील माणूस या पत्रांतूनच अधिक जवळून भेटतो.

पूर्वायुष्य

स्टीफन्स यांचे वडील लंडनमधील व्यापारी होते. थॉमस यांचे शिक्षण विंचेस्टर येथे झाले. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत कॅथलिक उपासनेवर कायद्याने बंदी होती. थॉमस पाउंड या स्नेह्यासमवेत रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचा त्यांचा बेत होता. परंतु पाउंड यांना अटक झाली आणि त्यांच्या आयुष्याची पुढील सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व इ.स. १५७५ मध्ये संघात दाखल झाले. पुढे इ.स. १५८५ मध्ये इंग्लंडच्या संसदेने येशूसंघीयांचे देशातील वास्तव्य राजद्रोह ठरवले. म्हणजे परतीची वाट केवळ समुद्राच्या अंतरामुळे नव्हे, तर कायद्यामुळेही बंद झाली होती.

सागरी प्रवास आणि वडिलांना पत्र

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांचा तांडा लिस्बनहून निघाला. स्टीफन्स त्यांपैकी एका जहाजावर होते. २४ ऑक्टोबरला ते गोव्यात उतरले आणि १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. पत्राचा आरंभ वडिलांचा आशीर्वाद मागून आणि आईला नमस्कार कळवून होतो. धर्माकरिता घर सोडलेल्या मुलाने पुत्रधर्म सोडलेला नाही, हे पहिल्याच वाक्यांतून दिसते.

त्यानंतर प्रवासाची हकीकत येते. गिनीच्या किनाऱ्यालगत वारा पडल्याने जहाज असह्य उकाड्यात रखडले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापाशी समुद्र खवळलेला होता. पुढे भारताच्या वाटेवर दिशा चुकली. पाणी व अन्न यांची चणचण भासू लागली. हिरड्या सुजणे, अंगावर सूज येणे, हातपाय निकामी होणे अशा लक्षणांचा विकार (आज आपण ज्यास स्कर्व्ही म्हणतो) जहाजावर पसरला. दीडशेच्या आसपास लोक आजारी पडले व सत्तावीस दगावले. स्वतः स्टीफन्स प्रकृतीने नाजूक समजले जात. अनेकांना त्यांची शाश्वती वाटत नव्हती. तरीही आपण संपूर्ण प्रवासात ठणठणीत राहिलो, याबद्दल ते पत्रात ईश्वराचे आभार मानतात. मृत्यूंची मोजदाद आणि हा आभार जवळजवळ शेजारीशेजारी येतात. पण त्यात कोठेही आत्मप्रौढी नाही. काळजीत असलेल्या वडिलांना खुशाली कळवण्याचाच तो एक प्रकार आहे.

उर्वरित मजकुरात माशांचे, पक्ष्यांचे व दिशा ओळखण्याच्या युक्त्यांचे बारकाईने वर्णन आहे. शेवटी ते गोव्यातील चांगल्या पाण्याचा, माडीचा आणि नारळाचा उल्लेख करून थांबतात. परक्या भूमीबद्दल तक्रारीचा सूर कोठेही उमटत नाही. रिचर्ड हॅकलुट यांनी हे पत्र आपल्या सागरी प्रवासांच्या संग्रहात छापले आणि इंग्रज व्यापाऱ्यांचे कुतूहल त्याने चाळवले. मुलाने बापाला धाडलेल्या खुशालीपत्राचा असा उपयोग होईल, हे लिहिणाऱ्याच्या मनातही आले नसेल.

साष्टीतील कार्य

स्टीफन्स यांचे बहुतेक आयुष्य दक्षिण गोव्यातील साष्टी महालात गेले. हा प्रदेश शांत नव्हता. पोर्तुगीजांनी तेथील देवळे पाडली होती व लोकांत रोष धुमसत होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी येशूसंघाच्या पाच जणांना ठार केले. अकबराच्या दरबारातून नुकतेच परतलेले रुदोल्फो अक्वाविव्हा हे त्यांपैकी एक होते. मृतदेह ताब्यात घेण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. पोर्तुगीज सत्तेने नंतर कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून त्यांची हत्या केली. मिशनकार्याचा इतिहास लिहिताना ही दुसरी बाजू गाळता येत नाही.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला स्टीफन्स यांनी पॅरिसमध्ये असलेले बंधू रिचर्ड यांना पत्र लिहिले. सहकाऱ्यांच्या हत्येला जेमतेम तीन महिने लोटले होते. तरीही, ज्यांच्या मुलखात ही घटना घडली त्या लोकांच्या भाषांविषयी या पत्रात मनापासून प्रशंसा आहे. त्यांचे उच्चार कानाला अप्रिय नाहीत, रचना लॅटिन व ग्रीकशी मिळतीजुळती आहे, असे ते भावाला कळवतात.

वर्षअखेरीस जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स व जेम्स स्टोरी हे चार इंग्रज होर्मुझहून कैदी म्हणून गोव्यात आणले गेले. ते ज्या राजवटीचे प्रजाजन होते, तिच्या धर्मकायद्यांमुळेच स्टीफन्स यांना देश सोडावा लागला होता. तथापि त्यांच्या जामिनासाठी स्टीफन्स यांनी खटपट केली व त्यांची सुटका झाली.

ग्रंथरचना

‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी एका ब्राह्मणाचा प्रश्न येतो. जुनी पुराणे वाचण्यास मनाई झाली, तर मग आम्ही मराठीत वाचावे तरी काय, असा त्याचा आशय आहे. प्रश्न रास्त होता. एका समाजाचे वाचनच काढून घेतले गेले होते. ग्रंथ हे त्याचे उत्तर. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत: पहिल्यात ३६ आणि दुसऱ्यात ५९ ‘अवस्वर’ असून त्यांत अनुक्रमे जुन्या व नव्या करारातील कथा येते. ओवीचे वळण ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतील आहे. स्वर्गाला शब्दही ‘वैकुंठ’ असाच येतो. मराठीस रत्नाची व सुगंधाची उपमा देणाऱ्या ओव्या याच ग्रंथातल्या. ज्या भाषेने आपल्याला सामावून घेतले, तिचे ऋण मानणारा हा सूर आहे, असे वाटते.

इ.स. १६०८ मध्ये त्यांनी रोममधील संघप्रमुखांना पत्र पाठवून देशी लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली. अक्षरे जोडाक्षरी असल्याने सुमारे सहाशे साचे लागतील, ही अडचणही त्यांनी मांडली होती. ती सुटली नाही. इ.स. १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत. इ.स. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ‘दौत्रीन क्रिस्तां’ हे कोकणी पुस्तक इ.स. १६२२ मध्ये आणि कोकणी व्याकरण इ.स. १६४० मध्ये, दोन्ही त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली.

गोव्याच्या व मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांत या पुराणाच्या हस्तलिखित प्रती जपल्या गेल्या व त्याचे पठण होत राहिले. इ.स. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथे त्याची संपादित आवृत्ती काढली. पुण्याहून शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती इ.स. १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली.