शेताच्या बांधावरून दिसलेला काळ

पृथ्वीचे वय किती, या प्रश्नाचे उत्तर अठराव्या शतकातील युरोपात बहुतेकांना ठाऊक आहे असे वाटत असे. आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधील वंशावळ्यांचा हिशेब मांडून सृष्टीची निर्मिती इसवीसनपूर्व ४००४ मध्ये झाली, असे १६५० साली जाहीर केले होते. पुढे हे वर्ष इंग्रजी बायबलच्या समासातही छापले जाऊ लागले. अवघ्या सहा हजार वर्षांची ही चौकट ज्यांनी मोडली, त्या जेम्स हटन यांना आज आधुनिक भूविज्ञानाचे जनक म्हटले जाते. त्यांनी त्यासाठी सातासमुद्रापलीकडे सफरी केल्या नाहीत. एडिनबरा शहर सोडून ते स्कॉटलंडच्या एका कोपऱ्यातील शेतावर राहायला गेले आणि आपल्या भोवतालचे ओढे, चर, टेकड्या व किनारे लक्षपूर्वक पाहू लागले. त्यांच्या साऱ्या विचाराचे मूळ तेथे आहे.

जेम्स हटन यांचा जन्म १७२६ सालच्या जून महिन्यात एडिनबरा येथे झाला. वडील विल्यम हटन हे व्यापारी आणि काही काळ शहराचे खजिनदार होते. जेम्स तीन वर्षांचे असतानाच ते निवर्तले आणि मुलांचा सांभाळ आई सेरा यांनी केला. वयाच्या चौदाव्या वर्षी जेम्स एडिनबरा विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना रसायनशास्त्राची जी गोडी लागली ती अखेरपर्यंत सुटली नाही. शिक्षणानंतर त्यांना एका वकिलाकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. पण दस्तऐवजांच्या नकला करण्याऐवजी हा तरुण सहकाऱ्यांना रसायनांचे प्रयोग दाखवण्यात रमू लागला. वकिलांनी त्यांना मुक्त केले. रसायनशास्त्राशी त्या काळी सर्वांत जवळचा व्यवसाय वैद्यकाचा होता, म्हणून हटन तिकडे वळले. एडिनबरा, पॅरिस आणि शेवटी हॉलंडमधील लायडन असा प्रवास करून १७४९ मध्ये त्यांनी रक्ताभिसरणावरील प्रबंधासाठी वैद्यकाची पदवी मिळवली.

या काळातील एक गोष्ट त्यांच्या चरित्रात दीर्घकाळ झाकलेली राहिली. १७४७ च्या सुमारास ते विवाहाविना एका मुलाचे पिता झाले. त्या मुलाला ते पुढे आर्थिक साहाय्य करीत राहिले. मात्र बहुतेक मित्रांना त्याच्या अस्तित्वाचा पत्ता हटन यांच्या मृत्यूनंतरच लागला. ते आजन्म अविवाहित राहिले. मित्रमंडळींत मोकळेपणाने वावरणाऱ्या या माणसाच्या आयुष्याचा हा कोपरा बंदच होता.

पदवी मिळाली, पण वैद्यकी त्यांनी कधी केली नाही. वडिलांकडून वारशाने आलेल्या दोन शेतजमिनी बेरिकशायरमध्ये होत्या. स्लाइहाउसेस ही सखल भागातील, तर नेदर मॉनिनट ही लॅमरम्युअरच्या डोंगरउतारावरची, मेंढ्यांना सोयीची. हटन यांनी शेतकरी व्हायचे ठरवले. तेही हौसेखातर नव्हे. इंग्लंडमधील नॉरफोक परगणा तेव्हा सुधारित शेतीसाठी प्रसिद्ध होता. गहू, सलगम, सातू आणि चाऱ्यासाठी क्लोव्हर अशी पिकांची फेरपालट करून तेथील शेतकरी जमिनीचा कस टिकवून धरीत. लायडनची पदवी घेतलेले हटन त्या भागातील एका शेतकऱ्याच्या घरी राहिले आणि हे सारे शिकले. तेथून ते आसपासच्या परगण्यांत पायी भटकत. वाटेत लागणारा प्रत्येक खड्डा, चर आणि नदीचे पात्र निरखण्याची सवय आपल्याला जडली आहे, असे त्यांनी तेव्हा एका पत्रात कळवले होते.

१७५४ मध्ये ते स्लाइहाउसेस येथे राहायला आले. येताना त्यांनी नॉरफोकहून एक नांगऱ्यासोबत आणला. स्कॉटलंडमध्ये तोवर अवजड नांगराला जनावरांच्या जोड्या जुंपल्या जात आणि त्या हाकायला वेगळा माणूस लागे. दोन घोडे जुंपून एकच माणूस नांगरतो आहे, हे दृश्य बेरिकशायरला नवीन होते. पण त्याआधी जमीन नांगरण्याजोगी करायची होती. दगड वेचणे, बांध घालणे, पाणथळ भागातून चर खणणे, यांत हटन यांची सुरुवातीची वर्षे गेली. शहरात वाढलेल्या माणसाला हे काम जड गेले असणार. पण त्यांनी ते निगुतीने पार पाडले आणि त्यांचे शेत त्या भागात सुधारित शेतीचा आदर्श मानले जाऊ लागले.

चर खणताना जमिनीचा छेद दिसतो. वर काळी-तपकिरी माती, खाली मुरूम, त्याखाली फुटत चाललेला दगड. म्हणजे माती दगडापासून तयार होते. पाऊस पडून गेला, की चरांतून आणि ओढ्यांतून तीच माती गढूळ पाण्याबरोबर वाहून जाते. ओढा नदीला मिळतो, नदी समुद्राला. प्रत्येक शेतकरी हे पाहतो, हळहळतो आणि बांध दुरुस्त करतो. हटन यांनी हा हिशेब पुढे नेला. माती अशीच जात राहिली, तर पुरेशा काळानंतर सारी जमीन समुद्राच्या तळाशी जाईल. दगड झिजलाच नाही तर माती होणार नाही आणि पीक येणार नाही. दगड झिजत राहिला तर जमीनच उरणार नाही. सजीवांसाठी रचलेली ही सृष्टी स्वतःच्याच नाशाची सोय करून ठेवील, हे ईश्वरी योजनेवर विश्वास असलेल्या हटन यांना पटेना. तेव्हा झीज भरून काढणारी काही तरी शक्ती निसर्गात असलीच पाहिजे, अशी त्यांची खात्री होत गेली.

उत्तराचा धागाही भोवतालच्या दगडांतच होता. बेरिकशायरमधील अनेक खडक नीट पाहिले तर ते वाळूचे आणि चिखलाचे घट्ट झालेले थर आहेत असे दिसते. आज समुद्राकडे वाहून जाणाऱ्या गाळासारखाच पूर्वी कधी तरी साचलेला तो गाळ होता. समुद्रतळाशी साचलेला हा गाळ पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने आणि दाबाने खडक बनतो, तीच उष्णता त्याला उचलून वर आणते आणि नवी जमीन तयार होते. तिची पुन्हा झीज सुरू होते. हे चक्र आहे. पण ओढ्याच्या गतीने डोंगर झिजायचे, तर त्यासाठी सहा हजार वर्षे पुरणारी नव्हती. हटन यांना काळ हवा होता आणि तो अमर्याद हवा होता.

सुमारे तेरा-चौदा वर्षे शेती केल्यावर, व्यवस्था मार्गी लागली तेव्हा हटन यांनी जमीन खंडाने दिली आणि ते एडिनबरा येथे परतले. तारुण्यातील रसायनाचा नाद इथे कामी आला. मित्र जेम्स डेव्ही यांच्यासह त्यांनी काजळीपासून नवसागर तयार करण्याची पद्धत शोधली होती; त्या कारखान्याच्या उत्पन्नामुळे त्यांना चरितार्थाची चिंता उरली नाही. सॉल्सबरी क्रॅग्ज या काळ्या कड्यासमोरच्या घरात ते बहिणींसह राहू लागले. रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक आणि अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ हे त्यांचे जिवलग. तिघांनी मिळून ऑयस्टर क्लब हे मित्रमंडळ चालवले. तेथे चर्चा भरपूर होई, पण हटन यांनी आपला सिद्धांत छापण्याची घाई केली नाही.

अखेर एडिनबराच्या रॉयल सोसायटीपुढे तो १७८५ साली मांडला गेला. ७ मार्चच्या सभेत हटन आजारी असल्याने पहिला भाग ब्लॅक यांनी वाचला. ४ एप्रिलला दुसरा भाग हटन यांनी स्वतः वाचला. प्रतिसाद थंड होता. त्या काळी जर्मनीतील वेर्नर यांच्या मताचा बोलबाला होता. सर्व खडक एका आद्य महासागराच्या पाण्यातून साचले, ग्रॅनाइट हा त्यांतला सर्वांत जुना आणि बेसाल्टही पाण्यातूनच आला, असे ते मत. हटन मात्र ग्रॅनाइट व बेसाल्ट हे वितळलेल्या रसापासून थिजलेले खडक मानीत. सह्याद्रीचे कडे ज्या काळ्या दगडाचे बनले आहेत, त्याच्या जन्माचाच हा वाद होता.

साठीकडे झुकलेले हटन आता पुराव्याच्या शोधात निघाले. १७८५ मध्येच ते मित्र जॉन क्लर्क यांच्यासह ग्लेन टिल्ट या डोंगरदरीत गेले. तेथे नदीच्या पात्रात तांबड्या ग्रॅनाइटच्या शिरा दुसऱ्या खडकात घुसलेल्या त्यांना सापडल्या. म्हणजे तो दुसरा खडक आधीचा आणि त्यात रसरूपाने शिरलेला ग्रॅनाइट नंतरचा. त्यांना इतका हर्ष झाला, की सोबतच्या वाटाड्यांना वाटले, या गृहस्थांना सोन्या-चांदीची खाण लागली असावी. १७८७ मध्ये आरन बेटावर आणि नंतर जेडबरा गावाजवळ नदीकाठी त्यांना आणखी एक वेगळी खूण दिसली. खाली उभे थर आणि त्यांवर जवळजवळ आडवे थर. भूविज्ञानात अशा रचनेला विसंगती म्हणतात.

सर्वांत स्पष्ट खूण मात्र त्यांच्या जुन्या शेतापासून थोड्याच मैलांवर, बेरिकशायरच्याच किनाऱ्यावर होती. १७८८ मध्ये गणिताचे प्राध्यापक जॉन प्लेफेअर आणि त्या भागातील जमीनदार, रसायनाचे अभ्यासक सर जेम्स हॉल यांना घेऊन हटन होडीने निघाले. या परिसरात करडा कठीण खडक आणि तांबडा वालुकाश्म असे दोन प्रकार आहेत, हे त्यांना ठाऊक होते. ते एकमेकांना कोठे भिडतात, एवढेच पाहायचे होते. सिकार पॉइंट या खडकाळ टोकापाशी ते दृश्य उघडे पडले होते. करड्या खडकाचे थर पुस्तकांच्या रांगेसारखे उभे, आणि त्यांच्या झिजलेल्या टोकांवर तांबड्या वालुकाश्माचे किंचित कललेले थर.

हटन होडीतल्या सोबत्यांना त्याचा अर्थ सांगू लागले. करडा गाळ आधी समुद्रतळाशी आडवा साचला. त्याचा खडक झाला. तो दाबाने उभा झाला, वर आला आणि झिजला. त्या झिजल्या पृष्ठावर पुन्हा वाळू साचली, तिचाही खडक झाला, तोही उचलला गेला आणि आता समुद्राच्या लाटा त्याला झिजवीत आहेत. गाळ साचण्यास आणि डोंगर झिजण्यास किती काळ लागतो हे शेतावर पाहिलेल्या माणसाचे हे बोलणे होते. प्लेफेअर यांच्यावर त्या दिवसाचा जो परिणाम झाला, तो त्यांनी पुढे हटन यांच्या चरित्रात नोंदवून ठेवला.

आज मोजमाप उपलब्ध आहे. खालचे थर सुमारे ४३.५ कोटी वर्षांपूर्वीचे, तर वरचे सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचे. वरची वाळू समुद्राने नव्हे तर नद्यांनी आणून टाकली, हेही आता कळले आहे. दोन्ही थर जेथे भिडतात तेथे तळहात ठेवला, तर त्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा काळ झाकला जातो. दख्खनच्या पठारावर लाव्हा वाहत होता, त्या काळापासून आजपर्यंत साधारण तेवढीच वर्षे लोटली आहेत.

हटन यांची शेवटची वर्षे कष्टात गेली. १७९१ पासून मूत्राशयाच्या विकाराने त्यांना ग्रासले. शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या. १७९३ मध्ये आयर्लंडचे रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड किरवन यांनी त्यांच्या सिद्धांतावर कठोर टीका केली आणि तो नास्तिकतेकडे नेणारा ठरवला. ईश्वराच्या योजनेवरील विश्वासातूनच ज्यांचा सिद्धांत उभा राहिला, त्यांना हा आरोप जिव्हारी लागला. टीका हाती पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णशय्येवरच्या हटन यांनी ग्रंथाचे हस्तलिखित तपासायला घेतले. १७९५ मध्ये त्यांच्या पृथ्वीविषयक ग्रंथाचे दोन खंड निघाले. दुर्दैवाने हटन यांची लेखनशैली क्लिष्ट होती. लांबच लांब वाक्ये आणि फ्रेंच उताऱ्यांची गर्दी यांमुळे तो ग्रंथ फार थोड्यांनी वाचला. २६ मार्च १७९७ रोजी ते गेले. अखेरच्या दिवशीही वेदना सहन करीत ते खनिजांच्या नावांविषयी टिपणे काढीत होते.

त्यांचा विचार जिवंत राहिला तो मित्रांमुळे. हॉल यांनी बेसाल्टजातीचा खडक भट्टीत वितळवून आणि सावकाश थंड करून, रसापासून पुन्हा स्फटिकमय दगड तयार होतो हे दाखवले. प्लेफेअर यांनी १८०२ साली तोच सिद्धांत सुबोध भाषेत मांडला. पुढे चार्ल्स लायेल यांनी १८३० पासून त्यावर आपला ग्रंथ उभारला आणि तो ग्रंथ सोबत घेऊन तरुण चार्ल्स डार्विन बीगल जहाजावर चढले. उत्क्रांतीला जो प्रदीर्घ काळ लागतो, तो हटन यांनी आधीच मिळवून दिला होता. पृथ्वीचे वय आज सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. असे असूनही एडिनबराच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीतील हटन यांच्या दफनस्थानी १९४७ पर्यंत त्यांच्या नावाचा दगड नव्हता.

मृत्यूसमयी त्यांच्या कागदपत्रांत हजाराहून अधिक पानांचे एक हस्तलिखित होते. त्याचा विषय शेती होता. ते छापले गेले नाही. स्वतः हटन यांना मात्र नांगर आणि खडक यांत अंतर वाटत नसे. जमीन कशी टिकते, हा एकच प्रश्न ते दोन्हीकडे विचारीत होते. २०११ मध्ये माती आणि पिके यांवर संशोधन करणाऱ्या स्कॉटलंडमधील दोन संस्था एकत्र झाल्या, तेव्हा नव्या संस्थेला जेम्स हटन यांचे नाव देण्यात आले. स्लाइहाउसेसच्या शेतकऱ्याला हा सन्मान कदाचित इतर सर्व उपाध्यांहून अधिक आवडला असता.