इब्नुल हैसम आणि वर्गांची बेरीज

स्पर्धा परीक्षेत ओळीने येणाऱ्या संख्यांच्या वर्गांची बेरीज विचारली की आपले विद्यार्थी सूत्र आठवू लागतात, आणि ते आठवले नाही की प्रश्न सोडून देतात. अशा मुलांना मी इब्नुल हैसम यांची हकीगत सांगतो.

त्यांचा जन्म सुमारे ९६५ साली इराकमधील बसरा शहरी झाला. नाईल नदीच्या पाण्याला आवर घालता येईल, असे त्यांचे मत कानी आल्यावरून फातिमी खलीफा अल्-हाकिम यांनी त्यांना इजिप्तला बोलावले, असे जुने चरित्रकार लिहितात. नदीने अस्वानकडे जाताना त्यांनी प्राचीन लोकांची भव्य बांधकामे पाहिली. हे काम शक्य असते तर एवढ्या कुशल लोकांनी ते केव्हाच केले असते, हे त्यांनी ओळखले व परत येऊन आपली चूक कबूल केली. लहरी खलीफापुढे हे सोपे नव्हते! पुढे जीव वाचविण्यासाठी त्यांनी वेडाचे सोंग घेतले. १०२१ साली अल्-हाकिम यांची कारकीर्द संपली तेव्हा कुठे सुटका झाली. नंतर अल्-अझहर मशिदीजवळ राहून, युक्लिडच्या ग्रंथाच्या नकला करून ते पोट भरीत.

प्रकाशावरील 'किताबुल मनाझिर'मुळे त्यांचे नाव झाले. पण श्रेढीचे त्यांचे काम मुलांना क्वचितच कुणी सांगतो. १, २, ३, ४ बाजूंचे चौरस एका रेषेवर शेजारी शेजारी मांडा. त्यांभोवती १० लांब, ५ उंच आयत काढा. क्षेत्रफळ ५०. चौरसांवर उरलेल्या जागेत १, ३, ६ व १० क्षेत्रफळाच्या पट्ट्या बसतात. त्यांची बेरीज २०. म्हणून वर्गांची बेरीज ३०. वहीवर काढून पाहाच. पट्टीतील प्रत्येक संख्या ही १, २, ३, ४ यांच्या वर्गाचे निम्मे अधिक त्या संख्येचे निम्मे असते, एवढे ध्यानी आले की कितीही पदांसाठी सूत्र आपले आपण निघते.

वर्गांची व घनांची बेरीज आपल्याकडे आर्यभटांनीही दिली होती. इब्नुल हैसम याच युक्तीने चौथ्या घातापर्यंत गेले, कारण त्यांना गरज होती. पॅराबोला त्याच्या अक्षाला लंब असलेल्या रेषेभोवती फिरविला असता होणाऱ्या घनाकृतीचे घनफळ त्यांना हवे होते. ते बाहेरील वृत्तचितीच्या ८/१५ भरते, हे त्यांनी सिद्ध केले. सुमारे १०४० साली कैरोत ते पैगंबरवासी झाले.