ताराबाई मोडक : हातापायांनी शिकवलेली भाषा

वसई-विरारहून उत्तरेस निघाले की डहाणूच्या पुढे बोर्डी लागते. १९४५ साली ताराबाई मोडक दादरची बालशिक्षणाची घडी सोडून या समुद्रकाठच्या गावी आल्या, तेव्हा त्यांचे वय ५३ होते. या वयात माणसे निवृत्तीचा हिशेब मांडू लागतात!

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत जन्मलेल्या ताराबाई माहेरच्या केळकर, घर प्रार्थनासमाजी. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. संसार मोडला. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. तेथला व्यवहार गुजरातीत. मोठेपणी नव्या भाषेत वावरणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

माँटेसरी पद्धतीत खरखरीत कागदाच्या अक्षरावरून मूल बोट फिरवते आणि त्याच वेळी त्याचा ध्वनी उच्चारते. बोट, डोळा, कान व जीभ एकदम कामाला लागतात. मात्र ही साधने महाग. ताराबाईंनी बोर्डीत शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हाताशी घेतले. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच त्यांनी शाळा नेली. ‘अंगणवाडी’ची कल्पना तेथलीच.

घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी परकीच असते. आपल्याकडे आगरी-कोळी घरांत ‘पाणी’चे ‘पानी’, ‘डोळा’चे ‘डोला’ होते आणि वर्गात त्यावर हशा पिकतो. हसू झाले की मूल तोंड मिटते. मग उच्चार सुधारणार कोणाचा? बालवाडीतल्या अभिनयगीताचे मोल मला येथे वाटते. टाळीबरोबर एकेक अक्षर सुटे होते, पाऊल लांबले की दीर्घ स्वरही लांबतो. आणि हातपाय हलत असताना जिभेची भीड चेपते. शिवाय सगळेच नाचत असल्याने चुकलेला कोणी वेगळा दिसत नाही. बोली पुसून टाकावी असा मात्र याचा अर्थ नव्हे. आपल्या प्राध्यापकांनीही याचा विचार करावा (नाचावे असे नाही).

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीजवळ गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, म्हणून शाळाच कुरणात गेली. साथीला अनुताई वाघ होत्या. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. कोसबाडचे काम पुढे अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, सांभाळले.